उजवा डोळा मिटेना

हे लिहायला मला आमच्या प्रीतीने बसवलं. प्रीती माझी मुलगी, विरारला राहते. तिचं म्हणणं असं की ज्यांचा चेहरा एखाद्या सकाळी अर्धा संपावर जातो, त्यांना कोणीतरी आधीच सांगायला हवं की घाबरू नका. मी म्हटलं, मी तर भयंकर घाबरलो होतो. ती म्हणाली, "मग तसं लिही." म्हणून तसं लिहितोय.

मी पास्कू पेंटर. वसई गावाजवळ होळी नावाचा भाग आहे, तिथे केळीच्या वाडीच्या कडेला आमचं घर. वय अडुसष्ट, साखर थोडी जास्त, बाकी धडधाकट. घरात आम्ही आमची बोली बोलतो. ती जशीच्या तशी लिहिली तर वसईबाहेर कोणाला कळायची नाही, म्हणून माणसांचं बोलणं जरा सोपं करून घेतलंय. माझ्या बायकोला, रेजिनाला, हे पसंत नाही. वाचून म्हणाली, "मी अशी बोलतच नाय." तेवढं तिचं गाऱ्हाणं नोंदवून पुढे जातो.

चूळ

त्या सकाळी मी चूळ भरली आणि थुंकायच्या आधीच पाणी उजव्या कोपऱ्यातून आपापलं निघून बनियनवर गेलं. पुन्हा भरली, पुन्हा तेच. मला वाटलं, कवळी नीट बसली नाही. तसाच घरापुढच्या ओट्यावर येऊन बसलो. रेजिनाने चहा आणून दिला आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"काय रे, या वयात डोळा मारतोस?"

आता एक गोष्ट सांगायला हवी. मला डोळा मारता येत नाही. तरुणपणी पुष्कळ मेहनत घेतली, पण एक मिटायला गेलो की दुसराही त्याच्या पाठोपाठ मिटायचा. लग्नाआधी सणाच्या दिवशी चर्चच्या बाहेर रेजिनाला डोळा मारायला गेलो होतो, तर तिने जवळ येऊन विचारलं, "कचरा गेला काय डोळ्यात?" त्यामुळे इतक्या वर्षांनी मला हे जमलं म्हटल्यावर ती खूश झाली होती. लाजलीसुद्धा थोडी. मग तिने पाहिलं की चहा माझ्या हनुवटीवरून खाली येतोय.

"पास्कू, हस बघू."

मी हसलो. तिने हातातली किटली होती तिथेच जमिनीवर ठेवली आणि प्रीतीला फोन लावला.

मी आत जाऊन आरशात पाहिलं. डावी बाजू माझीच होती. उजव्या बाजूचा गाल सुटला होता, ओठाचा कोपरा खाली लोंबत होता आणि उजवा डोळा टक्क उघडा. पापणी पाडायला गेलो तर डावी पडली, उजवी जागची हलेना. म्हणजे सकाळपासून माझी पापणी जेवढ्या वेळा लवली तेवढ्या वेळा मी डोळा मारला होता. पोळ्यावाल्या बाईला मारला होता. दूध टाकायला येणाऱ्या भैय्याला मारला होता.

लकवा, हाच शब्द मनात आला. माझ्या काकाला झाला होता, त्याचा हात शेवटपर्यंत खिशातल्या रुमालासारखा पडून राहिला. मी धावत ओट्यावर गेलो, ब्रश उचलला आणि जुन्या फळीवर एक सरळ रेघ ओढली. रेघ सरळ आली. तरी खात्रीला आणखी चार ओढल्या, खोटं कशाला बोलू.

दात दाखवा

रिक्षा येईपर्यंत शेजारपाजार जमला. एकाने कबुतराचं कालवण सांगितलं, एकीने गरम विटेचा शेक. आमच्या शेजारची मोनिकाबाय पंच्याऐंशीच्या पुढची, वाडीतली भाजी अजून स्वतः खुडते. ती काही औषध न सांगता नुसती माझ्या डोळ्याकडे बघत उभी होती. रिक्षा सुटताना म्हणाली, "जन्मभर मेलेल्यांचे डोळे उघडलेस बाबा, आता तुझाच मिटंना."

ती असं का म्हणाली ते पुढे येईल. त्या वेळी मला ते फार लागलं.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून प्रीतीहून लहान वाटणारी एक मुलगी आली. तिने माझे हात वर करवले, चालवलं, बोलायला लावलं, मग म्हणाली, "काका, दात दाखवा." मी कवळी काढून तिच्या हातात दिली. तिला तसं नको होतं, पण तिने ती शांतपणे घेतली आणि सिस्टरकडे दिली. मग म्हणाली, "कपाळाला आठ्या घाला." मी घातल्या. डावीकडे पडल्या, उजवं कपाळ इस्त्री केल्यासारखं गुळगुळीत.

"मेंदूचा लकवा असता तर आठी पडली असती. पडत नाही, ही चांगली गोष्ट आहे," डॉक्टर म्हणाली.

रेजिना म्हणाली, "चाळीस वर्षं मी हेच मागत होते."

स्कॅन झाला. मेंदूत काही नव्हतं. रेजिनाने क्रूसाची खूण केली आणि मग प्रीतीकडे बघून म्हणाली, "मेंदूत काही नाय म्हणतात," आणि दोघी मायलेकी हसायला लागल्या. घाबरलेली माणसं अशीच हसतात. चेहऱ्याची नस सुजली होती. डॉक्टरने सांगितलं की बहुतेकांचा चेहरा परत येतो, काहींचा थोडा वाकडा राहतो. कधी येईल ते सांगता येत नाही.

मी विचारलं, "चित्रं काढता येतील?"

"हाताला काही झालेलं नाही. पण काका, डोळा सांभाळा. पापणी मिटत नाही म्हणजे बुबुळ सुकणार. सुकलं की जखम होणार, आणि मग दिसायला कमी होईल. दिवसा थेंब, मलम, झोपताना पट्टी. पुढच्या भेटीपर्यंत मिटला नाही तर पापणीचा कोपरा शिवून घ्यावा लागेल."

"शिवून?"

"थोडाच."

पेंटरला डोळा शिवतात म्हटल्यावर पुढचं काही ऐकू येत नाही.

उशीखालचा पेढा

सूज उतरवायच्या गोळ्यांनी साखर वर जाईल म्हणून मला थोडे दिवस ठेवून घेतलं. वॉर्डात सकाळ सुरू होते ती बोटाला सुई टोचून. मग बिनमिठाची वाटावी अशी खिचडी, मग डोळ्यात थेंब, मग डॉक्टर, मग पुन्हा सुई. सिस्टर कडक होती. पहिल्याच दिवशी तिने थेंब घालताना विचारलं, "काय हो, सारखा डोळा मारता?" मी म्हटलं, "सिस्टर, मारत नाही, दुसरा मिटत नाही." ती म्हणाली, "सगळे असंच सांगतात." नंतर कळलं, ती मस्करी करत होती. वॉर्डात मस्करी करणारी सिस्टर मिळणं हे औषधाइतकंच कामाचं आहे.

शेजारच्या कॉटवर कामणचे एक पाटील होते, गोदामात मुकादम, हर्नियासाठी आलेले. त्यांच्याकडे मी बघितलं की त्यांना वाटायचं मी काहीतरी खुणावतोय. तेही डोळा मारायचे. दुपारपर्यंत त्यांनी मला त्यांच्या सगळ्या भाऊबंदकीची गोष्ट सांगून टाकली, कारण त्यांच्या प्रत्येक वाक्याला मी डोळा मारून पाठिंबा देत होतो. त्यांना नातू झाला होता आणि उशीखाली पेढ्यांचा पुडा होता. सिस्टर वळली की ते माझ्याकडे बघत, माझी पापणी लवे, आणि ते समजुतीने मान हलवून एक पेढा सरकवत. नको म्हणायचं माझ्या लक्षात राहत नसे. माझी साखर का उतरत नाही याचा डॉक्टरला दोन दिवस उलगडा होईना. शेवटी पुडा सापडला, आणि पाटलांनी सिस्टरला सांगितलं, "हेच सारखे मागत होते."

खरं सांगतो, त्या वॉर्डात पाटील नसते तर मी भिंतीकडे तोंड करून रडलो असतो. एकदा रडलोही. उजव्या डोळ्यातून तर सारखंच पाणी यायचं, त्यामुळे कोणाला कळलं नाही.

पास्कूचा ओटा

आता मोनिकाबायच्या बोलण्याचा उलगडा करतो.

माझा धंदा मेलेल्या माणसांचा. गावात कोणी गेलं की महिन्याच्या मिसेआधी, म्हणजे त्याच्यासाठी चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेआधी, घरचे फोटो घेऊन माझ्याकडे यायचे, आणि मी त्यावरून मोठं तैलचित्र करून द्यायचो. मागे निळसर करडा रंग, अंगात काळा कोट, मान किंचित वळलेली. ज्याने जन्मभर लंगोटीवर विहिरीतून पाणी काढलं त्यालाही मी कोट चढवायचो. घरच्यांना तसंच हवं असायचं. रंग वाळायला चित्र माझ्या ओट्यावर ठेवलेलं असे, येणारे-जाणारे बघत. त्यामुळे आमच्याकडे कोणी गेलं की म्हणत, "तो काय, पास्कूच्या ओट्यावर बसला."

जुन्या लोकांचे जिवंतपणीचे फोटोच नसायचे. एकच फोटो, तो मयतीच्या दिवशीचा, पेटीच्या भोवती सगळं घर उभं आणि मधे डोळे मिटलेला माणूस. तो फोटो आणून घरचे म्हणायचे, "पास्कू, डोळे उघडून दे." हीच माझी खासियत. डोळे कसे होते विचारलं तर कोणाला नीट सांगता यायचं नाही. एक म्हणे घारे, दुसरा म्हणे काळे. मग मी थोरल्या मुलाला समोर बसवायचो आणि त्याचे डोळे बापाला लावायचो. होळीत, आजूबाजूच्या गावांत, कित्येक भिंतींवरून बाप आपल्या मुलाच्या डोळ्यांनी बघताहेत.

आता हे सगळं फ्लेक्सवाले कॉम्प्युटरवर करतात. माझ्याकडे क्वचित कोणी येतं. जिवंत माणसाचं चित्र मी कधी काढलं नव्हतं. कोणी स्वतःचं काढून घ्यायला तयारच नसे, आणि का ते आता तुम्हाला कळलं असेल.

आरशासमोर

घरी आल्यावर व्यायाम सुरू झाले. फिजिओथेरपीची मुलगी येऊन शिकवून गेली. आरशासमोर बसायचं, गाल फुगवायचे, शीळ घालायची, ई म्हणायचं, ऊ म्हणायचं, भुवया उंच करायच्या, डोळे घट्ट मिटायचे. गाल फुगवला की हवा उजवीकडून फुस्स. शिट्टीच्या जागी थुंकी. हे रोज, पुन्हा पुन्हा. अडुसष्ट वर्षं मी माझं तोंड एवढा वेळ कधी बघितलं नव्हतं. दाढी करतानाही माणूस फक्त गालच बघतो.

एका सकाळी ऊ म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं की सुटलेल्या गालाखालची सावली हिरवट आहे. मी अशी सावली आयुष्यात रंगवली नव्हती. मेलेल्यांना मी गुलाबी गाल द्यायचो. मी उठलो, आरसा ओट्यावर आणला, खुर्चीला टेकवला, हार्डबोर्डचा एक तुकडा ईझलवर लावला आणि स्वतःला काढायला घेतलं. पार्श्वभूमी हाताच्या सवयीने निळसर करडीच लागली.

पहिलं चित्र बघून रेजिना म्हणाली, "आजार उजवीकडे, तू काढलास डावीकडे."

"आरशात बघून काढलंय. आरशात असंच दिसतं."

"मग लोकांना कसं कळणार कुठला डोळा?"

"लोकांनी काय थेंब घालायचेत?"

ती आत गेली. मला मात्र मजा वाटायला लागली होती. दुसऱ्या दिवशी गाल फुगवलेलं काढलं, तिसऱ्या दिवशी ई म्हणतानाचं. इतकी वर्षं मी लोकांना देखणं करत आलो, आणि ह्या म्हाताऱ्याला देखणं करायला कोणी सांगत नव्हतं. जसा आहे तसा. वाकडा म्हणजे वाकडा. एवढं मन लावून मी कधीच काम केलं नव्हतं.

फादर येतात

मोनिकाबायने वाडीतून जाताना पहिलं चित्र बघितलं. ती थांबली, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, आणि काही न बोलता लगबगीने निघून गेली. मला वाटलं, तिला आवडलं नाही.

दुपारनंतर लोक यायला लागले. आधी केळी आली. मग एका घरून कोंबडीचं सूप, एका घरून शहाळी. सगळे ओट्यावर बसत, ईझलकडे बघत, मान खाली घालत आणि हळू आवाजात माझ्या चांगुलपणाबद्दल बोलत. माझ्याशी ज्याचं बांधावरून वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं तो जोकीम येऊन माझा हात धरून बसला. मी म्हटलं, "काय रे, आज वाट चुकलास?" तर त्याचे डोळे भरून आले. रेजिनाच्या मैत्रिणी जपमाळा घेऊनच आल्या आणि आतल्या खोलीत रोजरी सुरू झाली.

मी रेजिनाला बाजूला घेऊन विचारलं, "हे काय चाललंय?"

"मोनिकाबायने सांगितलं सगळ्यांना. डॉक्टरने हात टेकले, म्हणून पास्कूने स्वतःचंच काढायला घेतलं. मागून कोन काढनार, म्हणून."

"मग तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. कोन ऐकतंय? म्हणतात, बिचारी, तिला माहीत नाय."

संध्याकाळी फादर आले. तरुण आहेत, स्कूटरवरून येतात. हातात पवित्र तेलाची डबी. त्यांनी ईझलसमोर उभं राहून चित्र नीट बघितलं.

"पास्कूअंकल, कोट नाही काढलात?"

"फादर, मी जिवंत आहे," मी म्हटलं, आणि नेमकी तेव्हाच पापणी लवली.

फादर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, मी बायकामाणसांसमोर बोलायला नको म्हणून खूण करतोय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी येऊन म्हणाले, "मला सगळं सांगितलंत तरी चालेल." त्यांना पटवायला मला हॉस्पिटलची फाइल आणावी लागली. वाचून ते एवढे हसले की आतली रोजरी थांबली. मग म्हणाले, "आलोच आहे तर तेल लावूनच जातो. हे आजाऱ्यांसाठी असतं, फक्त जाणाऱ्यांसाठी नाही." त्यांनी माझ्या कपाळाला तेल लावलं, त्या गुळगुळीत बाजूलाही. खोटं बोलत नाही, बरं वाटलं. जोकीम मात्र हात सोडून उठला. शहाळी त्याच्याच घरची, तीही त्याने परत नेली असती, पण मी एक फोडून पिऊन टाकलं होतं.

लाल रंग

इथपर्यंत हसण्यावारी गेलं. पुढचं जरा नीट वाचा, खासकरून ज्यांना हाच आजार झालाय त्यांनी.

मलम घातलं की डोळ्यापुढे धुकं येतं. धुक्यात सावली हिरवी की राखाडी ते कळत नाही. म्हणून मी सकाळचं मलम टाळायला लागलो. रेजिना विचारायची, "घातलंस?" मी सांगायचो, "घातलं." दोन-चार दिवस चित्रं झकास झाली. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपायचं, पण काम चालू असताना मला कशाचंच भान नसतं.

मग एका दुपारी रेजिना ओट्यावर वाळत ठेवलेली चित्रं उचलून आत ठेवत होती. तिचे हात थांबले. तिने दोन चित्रं शेजारी शेजारी धरली.

"ह्याच्यात डोळा पांढरा हाय. ह्याच्यात लाल."

मी ब्रश पुसायला घेतला.

"तू जसं दिसतं तसंच काढतोस ना आता? मग हा लाल कुठून आला?"

मला खोटं बोलायला जागाच उरली नव्हती, कारण लाल रंग मीच लावला होता. मन लावून लावला होता, कडेला थोडा किरमिजी वापरून.

ती ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ईझलसमोरच्या माझ्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "चाळीस वर्षं ह्या ओट्यावर मेलेली माणसं वाळत घातलीस. मी त्यांच्या बाजूने झाडू मारला, त्यांच्याकडे बघत तांदूळ निवडले, एक शब्द बोलले नाय. पन तुला इथे वाळत घातलेलं मला बघवत नाय, पास्कू. लोक बोलतात ते मी हसते. पन मला भीती वाटते. तुझा डोळा गेला तर तू माझ्यासमोर बसून काय करशील? मी काय करू तुझं?"

एवढं सलग ती कधी बोलली नव्हती. मी तिला म्हटलं की चुकलो, आणि ब्रश धुऊन ठेवले.

त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. बुबुळावर ओरखडा होता, खोल नव्हता. आता मलम तासातासाला, वर पट्टी, आणि काम बंद. शिवण्याचं आता जवळजवळ ठरल्यासारखंच होतं, पुढच्या भेटीला फक्त नक्की करायचं. प्रीती विरारहून येऊन मला लहान मुलासारखी बोलली आणि जाताना माझे ब्रश पिशवीत घालून घेऊन गेली. दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात मी एक डोळा झाकून, एक उघडा ठेवून बसायचो, आणि एका डोळ्याने जग किती चपटं दिसतं ते बघायचो. पेंटरने असं चपटं बघत राहायचं म्हणजे फ्लेक्सच झाला की, असं मनात यायचं.

मिटला

त्यानंतरची पट्टी रोज रेजिनाच बांधायची. आधी थेंब, मग मलम, मग ती म्हणायची, "मीट." मी दोन्ही डोळे जोर लावून मिटायचो. डावा मिटायचा, उजव्यातून मला तिची हनुवटी दिसत राहायची. मग ती बोटाने पापणी खाली ओढून चिकटपट्टी लावायची. रोज तेच. "मीट." हनुवटी. चिकटपट्टी.

एके दुपारी, जेवण झाल्यावर, ती म्हणाली, "मीट," आणि मला हनुवटी दिसली नाही.

मी डोळे तसेच ठेवले.

"काय झालं?" मी विचारलं.

"मिटला."

"नीट बघ."

"मिटला रे, पूर्न मिटला." तिने जवळ वाकून बघितलं. "परत उघड. आता मीट. मिटला!"

मी म्हटलं, "आरसा दे." तिने आरसा दिला. मी आरशात बघत डोळे मिटले आणि अर्थातच काही दिसलं नाही. उघडले तेव्हा उघडे दिसले. नुसता उजवा मिटायचा प्रयत्न केला, तर तो काही एकटा मिटेना, डाव्याची सोबत असेल तरच. डावी पापणी बोटाने धरून ठेवली, तर उजवाही हट्टाने उघडा. दहा वेळा केलं. इतके दिवस त्या आरशाने मला माझं सगळं वाकडेपण दाखवलं होतं, आणि जे बघायचं होतं तेवढंच तो दाखवेना. रेजिना हसून हसून भिंतीला टेकली.

प्रीती संध्याकाळी आली. तिने लगेच फोन काढला, "पप्पा, मीट, फोटो काढते." रेजिनाने फोन खाली केला. "मिटलेल्या डोळ्यांचा फोटो नको. ह्या घरात तसे फोटो कोनाचे येतात ते तुला माहीत हाय." प्रीतीने फोन ठेवून दिला. तिलाही पटलं असावं.

डॉक्टरने तपासलं आणि म्हणाली, "शिवायची गरज नाही." मी डॉक्टरच्या पाया पडायला वाकलो, तिने मला मधेच पकडलं. ओठाचा कोपरा अजून थोडा खाली आहे, चूळ भरताना एक-दोन थेंब अजून बनियनवर जातात. तो तसाच राहील बहुतेक, असं ती म्हणाली. मी म्हटलं, "राहू दे, सवय झालीय." प्रीतीने ब्रश परत आणून दिले.

रेजिना सांगते तसं

मला एक चित्र करायचं होतं. डोळे मिटलेलं. फोटोवरून जन्मभर केलं, हे तसं करायचं नव्हतं, आणि फोटो काढायला बंदीच होती. आरशाचा उपयोग नव्हता. म्हणून मी रेजिनाला म्हटलं, "तू बस. तू सांग."

मी काम करत असताना ती कधी शेजारी बसली नव्हती. सुरुवातीला सारखी उठून गॅस बघून येत होती. मग बसली.

"पापन्या जास्त दाबल्यास. तू असा झोपत नाय. दुखतंय असं वाटतं."

"मग कसा झोपतो?"

"हलका. जरा फट राहील असं वाटतं, पन राहत नाय. आनि डावी भुवई खाली आन. खाली नाय, एवढी खाली नाय. झोपेत ती अशी थोडी वर असते, कोनी हाक मारली तर लगेच ओ देशील अशी."

मी ब्रश थांबवून तिच्याकडे बघितलं. "तुला कसं माहीत?"

"पट्टी सुटली की नाय ते बघायला उठायची ना मी. रोज."

इतक्या घरच्यांना मी विचारलं होतं, डोळे कसे होते, आणि कोणाला सांगता आलं नव्हतं. हिला माझ्या मिटलेल्या पापण्यांचीसुद्धा रेघ माहीत होती. मला भरून आलं. ती म्हणाली, "डोळे पुस, नायतर मलम जाईल." मलम तर केव्हाच बंद झालं होतं.

चित्रात ओठाचा कोपरा जरा खाली आहे. तोही तिनेच करायला लावला. मागचा रंग मात्र तिने बदलायला सांगितला, ते निळसर करडं तिला नको होतं. म्हणून मागे आमच्या बेडरूमची भिंत आहे, पिस्ता रंगाची, एका कोपऱ्यात पोपडे निघालेली.

ते ओट्यावर वाळत असताना मोनिकाबाय भाजीची टोपली घेऊन आली. थांबली, चष्मा पुसला आणि बघत राहिली. मी बाजूलाच खुर्चीत बसलो होतो.

"पास्कू," ती म्हणाली, "याचे डोळे कवा उघडनार?"

मी उत्तर देणार तेवढ्यात आतून रेजिनाचा आवाज आला, "उघडायचे नायत त्याचे. झोपलाय तो. झोपू दे."

मोनिकाबायने चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तिच्याकडे बघून डोळे मिटले. दोन्ही.